घासाची किंमत



गेल्या महिन्यात मिस्सानंतर धर्मग्रामातील एक वृद्ध बाई आम्हांला भेटल्या. त्या घरी सुकेळी करतात. त्यांच्या नातवाने मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात सुकेळी पाहिली होती. शेजारी कॉफीची टेबले, भिंतीवर शेताचे चित्र आणि पुडीवरचा आकडा बाईंना मिळणाऱ्या भावाच्या कितीतरी पट. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, तिथे बसून खातो तरी कोण?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आज तो प्रश्न आपल्या सर्वांपुढे ठेवत आहोत.

अशा बाजारांमागची कल्पना वाईट नाही. इटलीतील तुरिन शहरात २००७ साली ऑस्कर फारिनेत्ती यांनी मद्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत 'ईटाली' नावाचा बाजार सुरू केला. चीज, मासळी, भाजी यांचे विभाग आणि त्यांच्या शेजारीच ते पदार्थ बसून खाण्याची सोय. माल कोठला आणि कसा तयार झाला, हेही गिऱ्हाइकाला सांगायचे. त्याला 'स्लो फूड' या चळवळीचा सल्ला होता. १९८६ साली रोममध्ये मॅकडोनाल्डचे उपाहारगृह उघडले, तेव्हा झालेल्या विरोधातून ही चळवळ पुढे आली. अन्न चवीला चांगले असावे, जमीन-पाणी नासवणारे नसावे आणि पिकवणाऱ्याला योग्य मोबदला देणारे असावे, ही तिचे प्रणेते कार्लो पेत्रिनी यांची तिहेरी कसोटी. आपल्याजवळ वांद्र्यातही २०१० साली रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. तिथे सेंद्रिय शेती करणारे आपला माल घेऊन येऊ लागले.

मग असे महाग अन्न विकत घेणे पाप आहे का? तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनस खादाडपणाचे पाच प्रकार सांगतात. वेळेआधी खाणे, फार खाणे आणि अधाशासारखे खाणे हे आपल्याला ठाऊक आहेत. पण महागड्या पदार्थांचा हव्यास आणि खाण्याबाबतचा अति चोखंदळपणा हेही त्यांत येतात. म्हणजे पोटभर न खाताही माणूस खादाड असू शकतो. हे वाचून काहींना बरे वाटेल. आपण कुठे तसल्या दुकानांत जातो!

थांबा. हेच संत थॉमस त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट सांगतात. वस्तू तिच्या मोलापेक्षा महाग विकणे जसे अन्यायाचे, तसेच ती मोलापेक्षा स्वस्त घेणेही अन्यायाचे. दोष फक्त विकणाऱ्याचा नसतो. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, रोज उन्हात घालायची, संध्याकाळी उचलायची, आभाळ भरून आले की धावायचे. एवढे झाल्यावर बाईंच्या दारात उभे राहून आपण म्हणतो, "घरचीच तर केळी!" स्वस्तात घेणे हा काटकसरीचा गुण वाटतो, पण कधी कधी ती दुसऱ्याच्या घामातली कपात असते. तेव्हा जास्त किंमत देणे म्हणजे चैनच, असे समजू नये. ती न्यायाची बाकी असू शकते.

मात्र ती बाकी योग्य हाती पोचली पाहिजे. भिंतीवर शेताचे चित्र आहे म्हणून शेतकऱ्याला पैसे मिळालेच असे नाही. गिऱ्हाईक किंमत मोजतो आणि आपण काही चांगले केले या समाधानाने कॉफी पितो. ते समाधानही बिलात धरलेले असते. न्याय ही काही पदार्थावर भुरभुरवण्याची चव नव्हे. ते देणे आहे.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला कशासाठी दटावले, ते आठवा. त्यांचे अन्न वाईट नव्हते. ज्यांच्याकडे होते ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. मेज एकच, पण माणसे दोन जातीची झाली होती. सुकेळीवाल्या बाईंचा प्रश्न नेमका हाच आहे. ज्याने पिकवले तो त्या टेबलावर बसू शकतो का?

पण हा प्रश्न मुंबईच्या दुकानदाराला विचारून आपली सुटका होत नाही. आपल्यातील कित्येकांच्या वाड्या आहेत. तिथे पाड्यावरची आदिवासी भावंडे भाजी खुडतात, पाणी सोडतात, तण काढतात. दुपारी त्यांचा चहा कुठे जातो? आपल्या टेबलावर, की मागच्या ओट्यावर वेगळ्या कपात? मालाला भाव मिळत नाही, ही आपली तक्रार खरी आहे. मग बरा भाव मिळाला, त्या आठवड्यात त्यांची मजुरी किती वाढली?

भाताची नवी लोंबी आपण देवळात आणतो, आशीर्वादित करून घेतो आणि सर्वांना वाटतो. तिची किंमत कोणी लावत नाही. तीच रीत वाडीतून स्वयंपाकघरापर्यंत न्यायची आहे. चांगले खा, मोल ओळखून पैसे द्या आणि या आठवड्यात ओट्यावरचा एक कप आत आणा.

बाईंना आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यावे, ही प्रार्थना.

आपले,
धर्मगुरू