चाळिसाचा हिशेब

ओमानच्या बातिना किनाऱ्यावर पूर्वी विहिरीवर ‘झाजरा’ असे. आपल्या मोटेचाच भाऊबंद: चामड्याची पिशवी, वर चाक आणि धावेवरून खाली चालत जाणारा बैल. बैल दमला की उपसा थांबे आणि रात्रीतून विहीर भरून येई. मग डिझेल पंप आले. पंप दमत नाही.

पुढे किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ झाल्या, तेव्हा समुद्र आत शिरला असं सगळे म्हणू लागले. मला हे बोलणं खटकतं, कारण त्यात दोष समुद्राला लागतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं आणि आपल्या वजनानेच त्याला दाबून धरतं. बादोन घायबेन आणि हेर्झबर्ग यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी याचा हिशेब मांडला. भूजल समुद्रपातळीच्या वर 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे वरची पातळी अर्धा मीटर उतरली, की खारं पाणी आज ना उद्या 20 मीटर वर चढणार. अशा वेळी शेतकरी काय करतो? विहीर आणखी खोल नेतो. साहजिकच आहे, पण खारं पाणी खालून शंकूसारखं वर खेचलं जातं ते त्यामुळेच. आणि बिघडायला फार लागत नाही. शंभर हंड्यांत समुद्राचे दोन हंडे मिसळले, तरी पाण्याची चव जाते.

पण सगळं मीठ समुद्राचं नसतं, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. लिटरमागे 1 ग्रॅम क्षार असलेलं पाणी घ्या. तोंडाला थोडं मचूळ लागेल, इतकंच. एका हेक्टरला ते वर्षभरात मीटरभर दिलं, तर रानात 10 टन मीठ येऊन पडतं. पीक पाणी पितं, ऊन उरलेलं उडवतं, मीठ मागे राहतं. आळ्याच्या कडेला पांढरी खपली धरते ती हीच. पुढच्या पाण्यासरशी ती विरघळून खाली उतरते, त्याच विहिरीत. कोकणातही खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, पण पावसाळा त्या धुऊन काढतो. बातिनात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. तिथे धुणार कोण?

शिवाय किनाऱ्यावरच्या खारवट सपाट्या आहेत, जुन्या सागरी थरांत अडकलेलं खारं पाणी आहे. कुठलं मीठ कुठून आलं ते क्लोराइड आणि ब्रोमाइडच्या प्रमाणावरून बरंचसं ओळखता येतं. ही तपासणी आधी व्हायला हवी, कारण इलाज त्यावर ठरतो. हजर पर्वतातून वाहत येणारा पूर अडवून मुरवण्यासाठी 1985 मध्ये अल खौदचं धरण झालं. धरणाने गोड्या पाण्याचं वजन वाढतं, खाऱ्याला रेटा मिळतो. पण ज्या रानात मीठ वरून साचतंय, तिथे उपसा कमी करून पीक बदलल्याशिवाय धरणाचा उपयोग थोडाच.

पीक बदलायला सांगायचं कसं, हाच खरा अवघड भाग आहे. खाऱ्या पाण्याने आंबा आधी जातो, लिंबू जातं. खजूर सगळ्यांत चिवट. खोडाभोवती पांढरी खपली असतानाही शेंडा हिरवा दिसतो, आणि तो दिसतो तोवर पंप चालूच राहतो.