संवादाची दुहेरी नोंद

आमच्या बँकेत मध्यंतरी 'ग्राहक संवाद' झाला. साहेब पाऊण तास बोलले, ग्राहकांनी सामोसे खाल्ले आणि आभार मी मानले. तेव्हापासून संवाद म्हणजे नक्की काय, हा किडा माझ्या डोक्यात वळवळतो आहे.

मी पडलो बी.कॉम.! शब्दकोशाशी संबंध शब्दकोड्यापुरता. तरी उघडून पाहिला. 'सम्' म्हणजे एकत्र, 'वद्' म्हणजे बोलणे. इथवर ठीक. पण संस्कृतात संवाद म्हणजे एकमत, मेळ असाही अर्थ आहे. गाण्यातला संवादी स्वर त्यातलाच आणि घरोघरचा विसंवाद त्याच्या उलटा. म्हणजे ज्यांचं जुळतं त्यांचंच बोलणं संवाद? मग आमच्या घरी लग्नापासून संवाद झालाच नाही म्हणायचा!

धीर दिला तो ऋग्वेदाने. त्याच्या दहाव्या मंडलात संवादसूक्तं आहेत. यमी यमाची विनवणी करते, तो नाही म्हणतो. पुरूरवा उर्वशीला परत बोलावतो, ती येत नाही. सरमा इंद्राच्या वतीने गाई मागायला जाते. त्या दडवणारे पणी गाई तर देत नाहीतच, उलट 'तूच आमची बहीण होऊन राहा' म्हणतात. तेही ती ऐकत नाही. तीन संवाद आणि एकमत एकातही नाही! पण ऋचा यमीलाही आहेत, उर्वशीलाही आणि गाई चोरणाऱ्या पणींनासुद्धा. आमच्या भाषेत सांगायचं तर नोंद दोन्ही बाजूंना आहे; मग शिल्लक जुळो न जुळो.

नंदुरबारला ही दुसऱ्या बाजूची नोंदच अवघड. काउंटरवर धडगावकडचा माणूस पावरीत बोलतो, अक्कलकुव्याचा भिलीत, बाजारातला अहिराणीत, व्यापारी गुजरातीत. आणि आमचे फॉर्म मराठी, हिंदी, इंग्रजीत. परवा एक म्हातारबाबा पासबुक पुढे करून बराच वेळ बोलत होते. शेजारच्या काउंटरवरून सल्ला आला, "बाबा, अंगठा लावा." बाबा अंगठा लावीनात. शेवटी रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरीने सांगितलं, त्यांना पैसे काढायचे नाहीत. खात्यातून पैसे कापले, ते न विचारता कोणी कापले, एवढंच विचारताहेत.

मी म्हटलं, "किमान शिल्लक नव्हती. नियमच आहे तसा."

पोरीने ते पावरीत सांगितलं. बाबांनी विचार केला, काउंटरच्या आत वाकून पाहिलं आणि काहीतरी म्हणाले. पोर हसली.

"साहेब, बाबा म्हणतो, हा नियम कुठे बसतो? त्याच्याशीच बोलतो."