उरलेलं तेल नेमकं कुणाचं?

जुनी डिझेल गाडी खाद्यतेलावर चालते. यात जादू काही नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक यासाठी मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू-१२३ मालिकेतल्या डिझेल गाड्या शोधतात, कारण त्यांचं इंजिन साधं आणि दणकट.

अडचण एकच. तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. म्हणून गाडीत दुसरी टाकी बसवतात. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिनाच्या गरम पाण्यानं तेल तापून पातळ झालं की तेलावर जायचं. थांबण्याआधी परत डिझेलवर यायचं, नाहीतर गार झालेलं तेल पंपात आणि नोझलमध्ये अडकतं. हॉटेलातून आणलेलं तळणाचं तेल आधी गाळायचं, त्यातलं पाणी काढायचं. मग धुरालाही तळणाचा वास येतो.

मला हे तंत्र आवडतं. पण त्याहून जास्त विचारात पाडतो तो त्यामागचा दावा : ‘मी कुणाचं काही घेत नाही, टाकून दिलेलं वापरतो.’ इतका स्वच्छ हिशोब आपल्या जगण्यात फार कमी ठिकाणी लागतो.

इथे तत्त्वज्ञ कांटचा जुना प्रश्न आठवतो : सगळ्यांनीच असं केलं तर? पुणे ते मुंबई सुमारे दीडशे किलोमीटर. लिटरला पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर एका फेरीला दहा लिटर तेल. भारतात माणशी वर्षाला साधारण वीस किलो खाद्यतेल लागतं. म्हणजे चौघांच्या घराला दीड महिना पुरणारं तेल दोन-तीन तासांत जळून गेलं. तळणीतून उरतं किती आणि रस्त्यावर लागतं किती, याचा मेळ कधीच बसणार नाही.

शिवाय ‘टाकाऊ’ हा काही तेलाचा गुण नाही. ते सध्या कुणाला नकोय, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत जे तेल हॉटेलं फुकट देऊन टाकत होती, त्याच तेलाच्या चोऱ्या २००८मध्ये इंधनाचे भाव भडकल्यावर होऊ लागल्या.

आपल्याकडे तर ते कधी पूर्ण टाकाऊ नव्हतंच. मोठ्या किचनमधलं काळं पडलेलं तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांकडे जातं आणि तिथून आपल्या पोटात. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८मध्ये तळणाच्या तेलातल्या घातक घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम सुरू केली. इथे तेल इंजिनात जाणं म्हणजे कुणाचं तरी पोट वाचणं. पण ताज्या तेलाचा खर्च हातगाडीवाल्यावर येतो, आणि त्याच्याकडे रोज खाणाऱ्या मजुरावर. चांगल्या कामाचं बिल असं भलत्याच्याच हातात पडतं.

मग हे करू नये का? मला वाटतं, करावं. फक्त नियम नीट मांडावा. ‘माझी गाडी तेलावर चालते, म्हणून मी हवी तितकी फिरवीन’ हा नियम सगळ्यांनी पाळला तर तेलही पुरणार नाही आणि जमीनही. ‘खरंच उरलं असेल, तर उरलं तेवढंच वापरीन’ हा नियम मात्र सगळ्यांना पाळता येतो, कारण त्याची मर्यादा त्याच्या आतच आहे.

हा फरक गाडीपुरता नाही. सेकंड-हँड कपडे, सेलमध्ये स्वस्त मिळालेला फोन, ‘नाहीतरी वाया गेलं असतं’ म्हणून उचललेली कुठलीही वस्तू घ्या. त्या वाक्यानं आपण जास्त घ्यायला लागलो, की ते उरलेलं राहत नाही. त्याची मागणी तयार होते, आणि ती पुरवायला कुणीतरी कुठेतरी नवं पिकवायला, नवं बनवायला लागतं.