पितृऋण आणि रक्तपरीक्षा

ज्ञान हें केव्हांही हितकरच असतें, अशी आम्हां शिकलेल्या लोकांची एक श्रद्धा असते. ती आम्हांस आमच्या गुरुजनांकडून मिळाली, आणि महाविद्यालयांत इतकीं वर्षें शिकवून आम्हीं ती पुढच्या पिढीच्या हवालीं केली. वैद्यक, जीवशास्त्र, यंत्रविद्या यांतील नव्या संशोधनाच्या वार्ता रोज येतात, आणि त्या वाचतांना मनुष्याच्या बुद्धीविषयीं धन्यता वाटते. परंतु प्रयोगशाळेंत सिद्ध झालेलें सत्य जेव्हां एखाद्या घराच्या ओसरीवर येऊन बसतें, तेव्हां त्याचें स्वागत कसें करावें, हें कोणी शिकविलेलें नसतें. हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढें ज्या रीतीनें आला ती हकीकत सांगून त्याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील, धानाची मळणी आटोपल्यावर, लाखांदूर तालुक्यांतील आपल्या गांवाहून भंडाऱ्यास आमच्याकडे आले. मुलीचें लग्न जुळत आलें होतें. मुलगी धडधाकट, पदवीधर, नोकरीस लागलेली. परंतु शाळेंत असतांना झालेल्या रक्ततपासणींत ती सिकलसेलची वाहक असल्याचें निघालें होतें, आणि तसें कार्ड तिच्याजवळ होतें. तें वरपक्षास दाखवावें कीं पेटींत ठेवावें, हें विचारावयास ते आले होते. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें कीं दाखवावें; सत्य लपवून उभा केलेला संसार टिकत नाहीं, वगैरे वगैरे. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें, आणि जातांना उंबरठ्यावर थांबून विचारलें, "सर, तुमच्या मुलाचीही तपासणी झाली असेल ना?"

झाली नव्हती. आमच्या चिरंजिवांच्या लग्नाच्या गोष्टी त्याच सुमारास चालल्या होत्या. पत्रिका दोन ठिकाणीं दाखवून झाली होती. रक्ताचा विचार मात्र आमच्या मनांत आला नव्हता. "हा रोग आमच्याकडे नसतो," हें उत्तर अगदीं ओठांवर आलें होतें. तें आम्हीं गिळलें. पण ओठांवर आलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

सिकल म्हणजे विळा. धानाच्या कापणीस विळा हातीं धरणाऱ्या आमच्या जिल्ह्यास हें नांव समजावून सांगावें लागत नाहीं. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकलेल्या तांबड्या पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं हा दोष रक्तांतील हीमोग्लोबिनच्या रेणूचाच आहे. पुढें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो दोष नेमका हुडकून काढला. १४६ कड्यांच्या सांखळींत सहावी कडी तेवढी बदललेली. ग्लुटॅमिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन. एवढ्याशा फेरफारामुळें प्राणवायु सोडून दिलेले रेणू एकमेकांस चिकटतात, पेशी वांकते, ताठर होते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग सांध्यांत आणि हाडांत असह्य वेदना, कावीळ, वारंवार ताप, आणि कधीं कधीं मेंदूवर आघात. भारतांत हा विकार प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळला. त्यानंतर मध्य भारताचा मोठा पट्टा त्याचें घर असल्याचें दिसून आलें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हे आमचे पूर्व विदर्भाचे जिल्हे त्या पट्ट्यांतच येतात.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सर्व अनर्थ तो न कळल्यामुळें होतो. ज्यास हा दोष माता आणि पिता या दोघांकडूनही मिळतो तो रुग्ण होय. ज्यास तो एकाकडूनच मिळतो तो केवळ वाहक. तो रुग्ण नव्हे, आणि बहुधा आयुष्यभर त्यास कसलाही त्रास होत नाहीं. वाहकाचा विवाह निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशीं झाला, तर एकही अपत्य या रोगानें रुग्ण होत नाहीं. मात्र त्या दुसऱ्या रक्तांत थॅलेसीमियासारखा वेगळा दोष नसावा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक संभव रुग्ण अपत्याचा असतो. प्रत्येक वेळीं, हें लक्षांत ठेवावें. पहिलें अपत्य आजारी निघालें म्हणजे पुढचीं तीन सुटलीं, असा दैवाचा हिशेब नसतो. तात्पर्य, त्या मुलीचें कार्ड एकटें कांहींच सांगत नाहीं. दुसरें कार्ड त्याच्या शेजारीं ठेवल्यावांचून त्याचा अर्थच लागत नाहीं. आणि आम्हीं त्या गृहस्थांस एकच कार्ड दाखविण्याचा उपदेश केला होता!

हा दोष मानवजातींत टिकून कां राहिला, याचें उत्तर १९५४ सालीं अँथनी अ‍ॅलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दिलें. वाहक असलेल्या मुलांस हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. जेथें हिंवतापानें शतकानुशतकें पाळणे रिकामे केले, तेथें हा दोष अंगीं असलेलीं मुलें अधिक प्रमाणांत जगलीं व त्यांचा वंश वाढला. हें वाचून आम्हांस आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलेल्या तीन ऋणांचें स्मरण झालें. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. ज्या कवचानें पूर्वज वांचले त्याचें मोल आज कोणी तरी भरीत आहे. तें सर्वांस सारखें वांटून भरावें लागत नाहीं. वेदनेनें रात्रभर तळमळणारें एखादें मूल तें एकटें भरतें. मग अशा मुलाकडे, किंवा त्याच्या घराण्याकडे, कलंकित म्हणून पाहण्याचा अधिकार कोणास उरतो? पितृऋण फेडणाऱ्यास आपण अपराधी ठरवितों, ही नीति नव्हे. हा केवळ हिशेबाचा अडाणीपणा होय.

परंतु मोठीं मोठीं माणसेंही या अडाणीपणांतून सुटलेलीं नाहींत. ज्या पॉलिंगनीं रोगाचें मूळ दाखविलें, त्यांनींच १९६८ सालीं अशी सूचना केली कीं वाहक तरुणतरुणींच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमांत पडणार नाहींत. पुढील पिढीच्या वेदना टाळाव्या, हा त्यांचा हेतु होता, यांत शंका नाहीं. तथापि कपाळावरील खुणेवरून माणसाची जात आणि पंक्ति ठरविण्याची संवय ज्या देशास अंगवळणीं पडलेली आहे, त्या देशाच्या वाचकास या सूचनेंतील भय सांगावयास नको.

ग्रीस देशांत ऑर्कोमेनॉस नांवाच्या गांवीं सुमारें चौथा हिस्सा लोक वाहक होते. तेथें सर्वांची तपासणी करून सल्ला देण्यांत आला. कांहीं वर्षांनीं पाहतां असें दिसलें कीं वाहक ठरलेल्यांस कमी लेखूं लागले, पुष्कळांनीं आपली गोष्ट लपविली, आणि वाहकांचे आपसांतील विवाह सहजगत्या झाले असते तितकेच झाले. ज्ञान घरोघर पोंचलें, पण लाज त्याच्या आधीं पोंचली. उलट सायप्रस बेटांत थॅलेसीमियाच्या बाबतींत विवाहापूर्वीं तपासणीचा दाखला चर्चनें आवश्यक केला. दोघेही वाहक निघाले तरी विवाहास बंदी नव्हती, व अशीं बहुतेक जोडपीं विवाहबद्ध झालींच. त्यांस गर्भपरीक्षेची सोय होती, सल्ला होता, आणि निर्णय त्यांचा होता. तेथें रुग्ण अपत्यांचे जन्म जवळजवळ थांबले. आमच्या मतें या दोन गोष्टींतील मुख्य फरक रक्ताचा नव्हे, रीतीचा आहे. तपासणी ही सर्वांचीच नित्याची गोष्ट झाली म्हणजे तिच्यांत कोणाची मानहानि राहत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सत्य लपविणें क्षम्य आहे काय? कित्येक म्हणतील कीं जेथें सत्य सांगणाऱ्या मुलीचें लग्न मोडतें आणि न तपासलेला मुलगा निर्दोष म्हणून मिरवितो, तेथें मौन हाच स्वसंरक्षणाचा मार्ग होय. या म्हणण्यांत बरेंच तथ्य आहे, पण तें पुरतें नाहीं. कारण या व्यवहारांत तिसरा पक्ष आहे. तो अद्याप जन्मास आलेला नाहीं आणि त्यास स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं. दुसऱ्याच्या अन्यायानें आपलें असत्य धुऊन निघत नाहीं. तथापि तितकेंच खरें हें कीं, जो स्वतः देत नाहीं त्यानें सत्याची मागणी करूं नये. सत्याचें कर्तव्य दोहों बाजूंचें आहे, आणि तें एकाच वेळीं पार पडलें पाहिजे. मुलगी पाहून पसंत झाल्यावर, पोहे खाऊन झाल्यावर तिचें कार्ड मागणें हा बाजारांतला व्यवहार झाला. त्यांत गिऱ्हाईक एक आणि माल एक असतो. प्रथमच दोन्हीं कार्डें समोरासमोर ठेवणें, हा दोन माणसांचा व्यवहार होय.

यापुढें ऋषिऋणाचा प्रश्न येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका या देशांत जनुकांत दुरुस्ती करणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्या सुधारून, परत शरीरांत सोडावयाच्या. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यांत आली. आमच्या एका तालुक्याच्या रुग्णांचा हिशेबही या दरानें करवत नाहीं. परंतु हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी आहे, बालवयांतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठीं पेनिसिलिन व लशी आहेत, आणि त्यांनीं पुष्कळ वेदना व मृत्यू टळतात. २०१६ च्या कायद्यानें या रुग्णांस दिव्यांगांचे हक्क दिले आहेत. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सुरूं झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें सात कोटि लोकांच्या तपासणीचा संकल्प केला, आणि २०४७ पर्यंत या रोगाचें निर्मूलन करण्याचें ध्येय ठेविलें. आमच्याच नागपुरांत संपत रामटेके यांनीं सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया स्थापून या रुग्णांसाठीं आयुष्य वेंचलें. २०१८ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली, आणि पेशानें ते डॉक्टर नव्हते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ऋषिऋण केवळ शास्त्रज्ञांनीं फेडावयाचें नसतें. नुसतें कार्ड हातीं देऊन, गोळी मिळते कीं नाहीं हें न पाहणाऱ्या समाजानें ज्ञानाचा गौरव करूं नये. मदतीवांचून दिलेलें ज्ञान हें पुष्कळदां केवळ शिक्षाच ठरतें.

आम्हीं काय केलें हें सांगणें प्राप्त आहे. त्याच आठवड्यांत घरांतील आम्हीं सर्वांनीं शासकीय रुग्णालयांत जाऊन रक्त तपासून घेतलें. निकाल येथें सांगत नाहीं. ज्या घरीं सांगावयास पाहिजे त्या घरीं, त्यांचे कार्ड पाहतांना, चिरंजीव तो सांगतील. त्या गृहस्थांस आम्हीं आमचा अर्धवट सल्ला परत घेत असल्याचें कळविलें, आणि दोन्हीं कार्डें एकत्र पाहण्याचा आग्रह धरण्यास सुचविलें. वरपक्षाच्या वडील मंडळींस राग आला. बोलणें महिनाभर थांबलें. मुलगा मात्र स्वतः जाऊन तपासणी करून आला, असें कळतें. लग्न होईल कीं नाहीं, हें हा लेख लिहीपर्यंत ठरलेलें नाहीं. पण यापुढें तो विचार दोघांचें रक्त जाणून होईल, आणि मान खालीं घालून बसण्याची पाळी एकट्या मुलीवर येणार नाहीं. सुशिक्षित घरांनीं निदान एवढें आरंभापासून करावें; पत्रिका मागण्यापूर्वीं आपलें स्वतःचें कार्ड पुढें ठेवावें.