थरथरणारा हात आणि पहिला अध्याय



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २९ आणि ३०. (काही पोथ्यांत एखाद्या आकड्याचा फरक असतो, सांभाळून घ्या.)

क्रमाने आज बारावा अध्याय पुढे न्यायचा होता. पण परवा माझ्या कॉलेजच्या मित्राचा फोन आला. अजून चाळिशीही गाठलेली नाही त्याने. उजवा खांदा आखडलाय म्हणून वर्षभर शेक आणि व्यायाम चालले होते, आता न्यूरॉलॉजिस्टने पार्किन्सन्सचं निदान केलंय. तो म्हणाला, "तू रोज काहीतरी वाचतोस ना, मग मला सांग, मी काय वाचू?" त्याला विचारूनच आजचं चिंतन त्याच्यासाठी लिहितोय. तुमच्या घरात कोणी असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

या दोन श्लोकांत अर्जुन स्वतःच्या शरीराबद्दल सांगतो, अगदी पेशंटने डॉक्टरांना सांगावं तसं. तोंडाला कोरड पडलीय, अंग कापतंय, काटा आलाय, गांडीव हातातून निसटतंय, कातडी जळतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आत्मा, कर्म, भक्ती हे सगळं पुढे येतं. गीतेत त्याच्या आधी एका माणसाचा हात थरथरतो.

माझा मित्र उत्तम स्केचेस काढायचा. आता सही बारीक बारीक होत जाते आणि चालताना उजवा हात हलायचा थांबतो. त्यामुळे गांडीव निसटणं म्हणजे काय हे त्याला कोणी समजवायला नको.

पण इथे एक फरक आहे आणि तो नीट बघायला हवा. अर्जुनाचा कंप शोकातून आला. अठराव्या अध्यायाच्या शेवटी त्याचा मोह जातो आणि तो उभा राहतो. मित्राचा कंप मनातून आलेला नाही. मध्यमेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी कमी होत जातात. हात थरथरू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहाच माणसं होती, त्यातली काही तर त्याने रस्त्यात पाहिलेली. तेव्हापासून पुष्कळ कळलंय, तरी बहुतेकांच्या बाबतीत या पेशी का मरतात हे अजून पक्कं सांगता येत नाही.

म्हणून भेटायला येऊन "मन खंबीर कर", "टेन्शन घेतलंस म्हणून झालं", "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी" म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला दुबळेपणा टाकून ऊठ म्हणतात खरं. पण ते ज्याला सांगितलं त्याचा हात निरोगी होता. तो श्लोक उचलून आजारी माणसाच्या अंगावर फेकणं ही गीताभक्ती नव्हे. या आजारात येणारी उदासीसुद्धा पुष्कळदा आजाराचाच भाग असते. ती लपवायची नसते, डॉक्टरांना सांगायची असते. त्यावर औषध आहे.

मग भगवंत काय करतात? पहिला अध्याय पुन्हा वाचा. त्यात श्रीकृष्ण एकच वाक्य बोलतात: हे जमलेले कौरव बघ. त्यानंतर अर्जुन बोलायला लागतो तो अध्याय संपेपर्यंत, जवळजवळ वीस श्लोक, आणि भगवंत ऐकत राहतात. मध्ये तोडत नाहीत, उपाय सांगत नाहीत. अर्जुन धनुष्य टाकून खाली बसतो, पण सारथी रथातून उतरत नाही. आणि या सगळ्या रडण्याला परंपरेने नाव काय दिलंय? अर्जुनविषादयोग. विषादालाही योगच म्हटलंय, बघा.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतलं दुःख बघायला सांगितलंय. बघायला, म्हणजे "काही नाही रे, होशील बरा" असं म्हणून झाकायला नव्हे.

तेव्हा मित्रा, काय वाचायचं, तर आत्ता पहिला अध्याय वाच. दुसऱ्याची घाई करू नकोस, महिना लागला तरी चालेल. आणि मोठ्याने वाच. या आजारात आवाज हळूहळू लहान होतो आणि बोलणाऱ्याला वाटत राहतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय. म्हणून स्पीच थेरपिस्ट मुद्दाम मोठ्याने बोलायला लावतात. स्वयंपाकघरात वहिनींना शब्द न् शब्द कळला पाहिजे एवढा आवाज काढ. चालताना पाय अडखळायला लागले तर बाहेरच्या ठेक्याचा आधार होतो, फिजिओथेरपिस्ट त्यासाठी मेट्रोनोम किंवा गाणी वापरतात. आपल्याकडे टाळ आहेतच. पावली खेळायला वारीलाच जायला हवं असं नाही, हॉलमध्ये जागा पुष्कळ आहे. फक्त आधी तुझ्या फिजिओला दाखव.

पोथीखेरीज एक पुस्तक सुचवतो, मायकेल जे. फॉक्सचं 'लकी मॅन'. त्या नटाला १९९१ मध्ये निदान झालं, तिशीच्या आसपास. सात वर्षं त्याने जगाला सांगितलं नाही. ऑफिसात कधी सांगायचं, हा तुझाच प्रश्न आहे ना? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथली माणसं तू उद्या काय विचारशील ते आधीच जगलेली आहेत. रात्री दोन वाजता गुगल मात्र वाचू नकोस. तिथे वीस वर्षांनंतरचं सगळं आजच दिसतं, तेही दुसऱ्याचं.

आणि वहिनी हे वाचणार म्हणून सांगतो. एकादशी असो की नवरात्र, गोळी चुकवायची नाही. उपवास अन्नाचा असतो. लेव्होडोपा मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. डाळ, पनीर, दूध अशी प्रथिनं तिच्या शोषणात आड येऊ शकतात, तेव्हा जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. कोणी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून देईल. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, म्हणूनच ते स्वतःच्या मनाने गोळीसोबत घ्यायचं नाही.

उद्यापासून पुन्हा बारावा अध्याय, जिथे थांबलो होतो तिथून.

राम कृष्ण हरी.