पाहणे आणि मागणे

जे सुंदर दिसते ते आपले व्हावे, असे माणसाला वाटतेच. मूल चंद्र मागते, मोठी माणसे जमीन मागतात. मग कशावरही मालकी न सांगता केवळ पाहणे माणसाला साधते काय? आणि साधले, तर त्याला उदासीनता म्हणावे की प्रीती? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एखाद्या व्याख्यानात नव्हे, तर पक्षी पाहण्यासाठी काढलेल्या एका साध्या सहलीत.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या. त्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे एका शनिवारी पहाटे पुणे-सातारा महामार्गाने निघाली. भोर तालुक्यातील शिवरे येथे चहा घेतला. महामार्ग रुंदावला, त्याच्या कडेने कारखाने आणि गोदामे उभी राहिली, तरी शिवगंगेच्या खोऱ्यात पहाटेचे धुके अजून पूर्वीसारखेच उतरते. तेथून जवळच नसरापूर आहे आणि त्याच्या शिवारात बनेश्वरचे वन.

शरद सरून हेमंताची चाहूल लागली होती. मुलांना गप्प राहण्यास सांगावे लागले, पण थोड्याच वेळात ती आपण होऊन गप्प झाली. तांबटाची टुकटुक ऐकू आली, फांद्यांतून हळद्या चमकून गेला, आणि ओढ्याच्या खडकावर शेपटी वरखाली नाचवीत करडा धोबी दिसला. हा हिवाळी पाहुणा. हिमालयासारख्या दूरच्या मुलखातून तो येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. तो कोणाचा? हिमालयाचा की शिवगंगेचा? त्या क्षणी असा प्रश्न कोणालाच सुचला नाही. आम्ही सारे नुसते पाहत राहिलो.

सालिम अलींची गोष्ट येथे आठवते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक पिवळ्या कंठाची चिमणी मारली आणि तिची ओळख पटविण्यासाठी ती मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत नेली. तेथून त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली. हातात आलेले पाखरू मेलेले होते. जिवंत पाखरे त्यांना पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून भेटली. प्रभूनेही शिष्यांना आकाशातील पाखरांकडे पाहण्यास सांगितले. ती धरण्यास सांगितले नाही.

वनातून आम्ही बनेश्वराच्या मंदिराशी आलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या या मंदिरात एक घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथून आलेल्या घंटांपैकी ही एक. आमच्यातील काही कुटुंबे मूळची वसईची. एका मुलीने आजोबांना विचारले, "आजोबा, ही घंटा आपलीच ना? मग आपण ती मागत का नाही?"

आजोबा काही बोलले नाहीत. उत्तर आम्हा सर्वांनाच शोधायचे होते.

घंटा वसईच्या भाविकांना प्रार्थनेला बोलावीत होती आणि ती युद्धात गेली, हे खरे. त्यात दुखावण्यासारखे काही नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ज्या राजवटीत ती वाजली, त्याच राजवटीत वसई परिसरातील मंदिरांवर आघात झाले, हेही खरे. एकच हिशेब मांडणारा न्याय अपुरा असतो. आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती. त्या घंटेवरचा क्रूस कोणी खरवडून टाकलेला नाही. इतक्या वर्षांत कितीतरी हातांनी ती वाजविली, पण ती कोठून आली याची साक्ष पुसली नाही.

मग हक्क न सांगणे म्हणजे विसरणे काय? आम्हाला तसे वाटत नाही. विसरणाऱ्याने क्रूस पाहिलाच नसता. ज्याला काहीच वाटत नाही तो घंटेजवळून तसाच पुढे जातो. ज्याला वाटते तो थांबतो, तिचा इतिहास मुलांना दोन्ही बाजूंनी सांगतो आणि तिला तेथेच राहू देतो. धोब्याचेही तसेच आहे. तो आमचा नाही, पण देवस्थानच्या आश्रयाने हे वन राखले गेले म्हणूनच त्याला उतरायला जागा आहे. मालकी सोडता येते, जबाबदारी सोडता येत नाही. सृष्टी हे आपले सामाईक घर आहे, हे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले. सामाईक घरात आपले काय, यापेक्षा आपल्यावर सोपविलेले काय, हा प्रश्न मोठा ठरतो.

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. निघण्यापूर्वी आजोबांनी मंदिराबाहेरच्या झाडाखाली नातीला जवळ घेतले आणि वसईच्या वेढ्यात मेलेल्या दोन्हीकडच्या माणसांसाठी हळू आवाजात प्रार्थना केली. आम्हीही तीत सामील झालो. मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, हे आम्ही विचारले नाही. परतताना मात्र तिने आपल्या वहीत पक्ष्यांच्या नावांखाली घंटेचीही नोंद केली होती.