वजनकांटा आणि न्याय

संगणकावरील खेळांत एक प्रकार असा आहे कीं, त्यांत खेळणारा स्वतः लढत नाहीं. जालावरून एकत्र आलेले दूरदूरचे लोक कल्पित मल्लांचे वस्ताद होतात. कोणाशीं जोड लावावी, कोणत्या वजनगटांत आपला गडी उतरवावा, हें ते ठरवितात आणि निकाल यंत्र देतें. अशा खेळांतहि वजनगट आला कीं त्याच्याबरोबर न्यायाचा प्रश्न येतोच. मूळचा भारी गडी वजन उतरवून हलक्यांच्या गटांत आणणें, हें कौशल्य कीं कपट? प्रश्न खेळांतला असला तरी क्षुल्लक नाहीं. कारण खऱ्या आखाड्यांत तोच हाडामांसाच्या माणसांपुढें उभा असतो.

प्रथम हें पाहूं कीं, वजनच कां मोजावयाचें? दोन मल्लांमध्यें उंची, वय, खुराक, वस्तादाची विद्या यांतहि विषमता असते आणि ती आपण तशीच राहूं देतों. मग एका वजनाचीच समता कां? आमच्या मतें न्याय म्हणजे सर्व भेदांचें निर्मूलन नव्हे. तसें झाल्यास कोणी जिंकणारच नाहीं. प्रत्येक स्पर्धा कांहीं तरी विचारीत असते, आणि ज्या भेदामुळें त्या प्रश्नाचें उत्तर झांकून जातें, तेवढाच दूर करणें हा न्याय होय. कुस्ती विचारते, डाव कोणाचा सरस? दोघांत तीस किलोंचें अंतर असल्यास बहुधा डावाआधींच वजन उत्तर देऊन मोकळें होतें.

‘बहुधा’ म्हणण्याचें कारण असें कीं, १८९६ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें वजनगट नव्हते, आणि तेथें कार्ल शूमान या बुटक्या जर्मन व्यायामपटूनें वजन उचलण्यांत अजिंक्य ठरलेल्या लॉन्सेस्टन एलियटला हरविलें. जपानच्या व्यावसायिक सुमोमध्यें आजहि वजनगट नाहींत. परंतु अपवादावर नियम उभारतां येत नाहीं. आपल्याकडील जत्रेच्या मैदानांत पंच नजरेनें जोड लावीत, तेंहि समतेचेंच माप होतें. कांट्यानें तें निश्चित केलें इतकेंच. १९५२ सालीं हेलसिंकी येथें गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक पदक मिळवून दिलें, तें बँटमवेट गटांत. गटच नसते तर त्या चपळाईची जगानें दखल घेतली असती काय?

पण कांटा मोजतो तो एका क्षणाचा देह. घाम गाळून आणि पाणी तोडून मल्ल कांट्यावर हलका होतो. वजन झालें कीं पाणी पिऊन पुनः भारी होतो. सर्वांनींच तसें केलें तर लाभ कोणालाच नाहीं, तहान मात्र सर्वांना. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन मल्ल अशा रीतीनें वजन उतरवितांना कांहीं आठवड्यांच्या अंतरानें मरण पावले. समतेसाठीं केलेल्या नियमानेंच ही चढाओढ उत्पन्न केली, हें विसरून चालणार नाहीं.

या दृष्टीनें पॅरिस ऑलिंपिकमधील घटना विचारणीय आहे. पूर्वीं ५३ किलोंच्या गटांत लढणाऱ्या विनेश फोगाट ५० किलोंच्या गटांत उतरल्या. ६ ऑगस्ट २०२४ रोजीं सकाळीं त्यांचें वजन नियमांत भरलें आणि त्या दिवशीं त्यांनीं तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकी या गतविजेतीविरुद्ध. दुसऱ्या सकाळीं कांटा १०० ग्रॅमनीं पुढें गेला. त्या बाद झाल्या, सर्वांच्या शेवटीं गणल्या गेल्या. आणि उपान्त्य फेरींत त्यांच्याकडून हरलेली क्यूबाची मल्ल अंतिम कुस्तीस उभी राहिली. १४ ऑगस्टला क्रीडा-लवादानें त्यांची दाद फेटाळली.

शंभर ग्रॅम क्षुल्लक, असा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. आज शंभर सोडले तर उद्यां दोनशें कां नकोत? मर्यादा कोठें तरी असावीच लागते. अंतिम कुस्तींतून त्यांना वगळलें हें योग्यच. परंतु आदल्या दिवशींच्या तिन्ही कुस्त्या नियमांत बसणाऱ्या देहानें जिंकल्या होत्या. उद्यांच्या कांट्यानें कालचा विजय पुसणें, हा दंड आम्हांस अपराधाहून मोठा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, दंड सौम्य केला तर एका दिवसापुरतें वजन उतरवून रौप्यपदक खिशांत घालण्याची वाट मोकळी होईल. आक्षेप वजनदार आहे. पण त्यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, उपाय चुकीच्या जागीं शोधला जात आहे. त्या तीन मृत्यूंनंतर अमेरिकन महाविद्यालयांनीं हंगामाच्या आरंभींच देहांतील पाण्याचें प्रमाण तपासून प्रत्येक मल्लाचें किमान वजन ठरविण्याची पद्धत घातली. मोहाला आरंभींच आळा घालणारा नियम, मोहांत पाडून शेवटीं शिक्षा करणाऱ्या नियमाहून अधिक न्याय्य होय.

संगणकावरील वस्ताद गड्याचें वजन घटवितो तेव्हां तेथें कोणाच्याहि घशाला कोरड पडत नाहीं. म्हणून तेथें प्रश्न केवळ दोन स्पर्धकांमधील न्यायाचा उरतो. आखाड्यांत गट ठरविणारे अनेक असतात, आणि तहान एकट्या मल्लाची असते. दोन मल्लांमधील न्याय कांट्यावर मोजतां येतो. मल्ल आणि त्याला लढविणारे, त्याच्या पदकावर आपला अभिमान पोसणारे आपण प्रेक्षकहि, यांच्यामधील न्याय मोजणारा कांटा नाहीं. तो विवेकालाच मोजावा लागेल.